कासाराची पाठ

आमच्या गावाखाली कृष्णेवर तर होती, म्हणजे नावेनं नदी ओलांडायची जागा. पूल फार पुढं झाला. तरीवर नाव चालवायचं काम आमच्या घरात आज्यापासनं. मी शाळा दुसरीतनं सोडली आणि वल्हं धरलं. माझ्या नावेतलं माणूस कधी बुडालं नाही, हे मी चावडीवर चारचौघांत सारखं सांगायचो. म्हणून आता जे लिहायचं आहे त्याला हात लवकर उठत नाही.

मोठी लढाई संपली त्याच्या पुढल्या साली माझा चुलतभाऊ पलटणीतनं कायमचा घरी आला. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. पलटणीत त्याच्याकडं बंदूक नव्हती, जखमी शिपायांना पट्ट्या बांधायचं काम होतं. गावात कोणी विचारलं, किती मारले, तर म्हणायचा, "मारले न्हाईत, उचलले." मला त्याचं हसू यायचं.

उन्हाळ्यात एका सकाळी तो तरीवर आला. हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर लांब दोर आणि दोराच्या टोकाला बांधलेला मोठा वाळका भोपळा.

"दादा, हे नावंत ठेव. पेटीत पट्ट्या हायत, जखमंवरचं औषध हाय, एक कोरडं कांबळं हाय. कोण पाण्यात पडलं तर भोपळा टाकायचा. दोर आपल्या हातात."

"आन् मी कशाला हाय?"

"तू हायसच. पर माणूस तुझ्यापास्नं लांब पडला तर?"

"माझ्या नावंतनं कोण पडत न्हाई. वंगाळ बोलू नगंस."

दर श्रावणात आम्ही नदीला नारळ सोडायचो, नावेला कुंकू लावायचो. त्यानंतर बुडण्याचं नाव नावेत काढायचं नाही, असं आमच्यात पाळायचे. पेटी ठेवणं म्हणजे संकटाला आवतण देणं. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. धाकट्यानं मला शिकवावं हे सोसत नव्हतं.

नावेची वाट बघत पाचसहा उतारू बसले होते. त्यांत पलीकडच्या गावचा एक कासार होता. बांगड्यांच्या माळा खांद्यावर घेऊन तो दर आठवड्याला कुंडलच्या बाजाराला जायचा. येताजाता बोलून हसवायचा. भाऊ म्हणाला, बुडालेल्या माणसाचा श्वास कसा परत आणायचा ते दाखवतो, कोणीतरी आडवं व्हा. कोणी उठेना. कासारानं माळा उतरवून ठेवल्या आणि वाळूत पालथा पडला.

"बगा, मी बुडालो. बायकूला सांगावा धाडा. पर आदी माळा मोजून ठेवा, न्हाईतर फौजी पळवंल."

सगळे हसले. भावानं त्याचं तोंड एका बाजूला वळवलं, मांड्यांच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकले, पाठीवर खालच्या बरगड्यांपाशी तळवे ठेवले आणि अंगाचा भार टाकून दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. श्वासाच्या चालीनं.

"आता तू कर, दादा."

"आमी बुडालेला माणूस कुंभाराच्या चाकावर घालतो," मी म्हणालो. "चार येढं दिलं की पाणी भायेर. ही चंपी तुझ्या पलटणीत कर."

लोक पोट धरून हसले. कासारही वाळूत पडल्या पडल्या हसला, म्हणाला, "आवं नाववाले, चंपी लय झ्याक हाय, तुमीबी करून घ्या." त्या दिवसापासनं गावात भावाला चंपीवाला नाव पडलं. ते मी पाडलं. पेटी मी घरी नेली. कांबळं अंथरुणात गेलं, भोपळ्यात बायकोनं दोडक्याचं बी भरलं.

भादव्यात नदी गढूळ होती, पण नाव चालत होती. बाजाराचा दिवस. मधे धारेत एक ओंडका नावेच्या कुशीला लागला. नाव कलली. माळा पडतील म्हणून कासार उभा राहिला, आणि माळांसकट पाण्यात गेला. काचेचं वजन किती असतं ते त्या दिवशी कळलं. एकदा डोकं वर आलं. हात वर आला. तो नावेपासनं दोन काठ्यांच्या अंतरावर असेल. भोपळा त्याच्या हाताशी पडला असता.

मी उडी टाकली. तोवर तो खाली गेला होता. तीनदा बुडी मारली तवा त्याचं धोतर हाताला लागलं. उतारूंनी वर ओढून घेतलं. नावेच्या तळाशी तो पडला होता. मी त्याच्या मानेखाली हात घातला, तवा त्याचा गळा हलला. उचकी लागल्यासारखा, एकदाच. हे त्या वेळी मी कुणाला सांगितलं नाही.

मला सगळं आठवत होतं. तोंड एका बाजूला, बरगड्यांपाशी तळवे, दाबायचं, सोडायचं. माझे हात त्याच्या पाठीवर गेलेसुद्धा. पण नावेत दहा माणसं होती, आणि चंपी म्हणून ज्यांना मी हसवलं होतं ती त्यांत होती. मी हात काढले. वल्हं मारत काठाला आणलं, त्याला खांद्यावर टाकलं आणि चढ चढून कुंभारवाड्याकडं पळालो.

भाऊ आरडाओरडा ऐकून मळ्यातनं आला होता. माझ्या बाजूनं पळत होता.

"दादा, खाली ठेव! हितंच ठेव! पालथा घाल त्येला!"

"वाट सोड."

"दादा, तुझ्या पाया पडतो, येळ जातुया!"

मी त्याला कोपरानं ढकलला. तो चिखलात पडला.

कुंभारानं चाकावरची माती बाजूला केली. कासाराला पोटावर आडवा घातला, दोघांनी हातपाय धरले, चाक फिरलं. तोंडातनं पाणी आलं. लोक ओरडले, "आलं! पाणी आलं!" मलाही वाटलं, जिंकलो. चाक थांबलं तसा भाऊ पुढं झाला, त्याला जमिनीवर घेऊन किती तरी वेळ दाबत राहिला. त्याला घाम फुटला. मग थांबला. कासार गेला होता. भावानं माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीत गावानं मला फेटा बांधला. पुरात उडी टाकली, परक्या माणसासाठी जिवावर उदार झाला, म्हणून. मी मान वाकवली आणि बांधून घेतला. कासाराची बायको दिराबरोबर आली होती. तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला. "तुमी लय केलंसा," म्हणाली. मी फेटा सावरला. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. त्यानं एक शब्द काढला असता तर फेटा तिथंच सुटला असता. त्यानं काढला नाही.

चार दिवसांनी मी त्याला तरीवर बोलावलं, उतारूंच्या देखत वाळूत पालथा पडलो आणि म्हणालो, शिकव. त्यानं दाबून दाखवलं. मग मी त्याची पाठ दाबली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. भोपळ्यातलं बी काढलं, दोर बांधला, पेटी नावेत ठेवली.

पुढल्या उन्हाळ्यात कासाराची बायको स्वतः माळा घेऊन बाजाराला जाऊ लागली. माझ्याच नावेनं. बसायची नेमकी भोपळ्यापाशी. एका खेपेला परतीच्या वाटेवर ती एकटीच उतारू होती. तिनं विचारलं,

"दादा, ह्यो भोपळा कशाला वं?"

"बुडत्याला टाकायला."

तिनं भोपळ्याचा दोर चाचपला.

"मंग तवा न्हवता?"

"व्हता. घरी व्हता."

तेवढ्यावर भागलं असतं. पण मला तिचा पायाला लागलेला हात आठवला. मी वल्हं थांबवून सगळं सांगितलं. भावानं वाळूत दाखवलं ते, मी हसवलं ते, गळा हलला ते, हात ठेवून काढले ते. नाव धारेनं जरा खाली वाहत गेली. ती रडली नाही. काठाला लागल्यावर मी माळा उचलून द्यायला वाकलो, तर म्हणाली, "असू द्या." स्वतःच खांद्यावर घेतल्या आणि चढ चढून गेली.

पुढच्या बाजाराला ती आली नाही. खालच्या गावची तर आमच्यापासनं दोन कोसांवर. त्या वाटेनं जाते असं उतारूंनी सांगितलं. तेवढं वजन खांद्यावर घेऊन, जाताना दोन कोस आणि येताना दोन कोस, ती वर्षानुवर्षं चालली. माझ्या नावेत पुन्हा बसली नाही.