घट्ट ब्रा आणि जावेचं दूध

जावेचा हेवा मला ती आमच्या दातिवऱ्याच्या घरात आली त्या दिवसापासूनच होता. ती माझ्यापेक्षा लहान, अंगाने काटकुळी. दुकानात हाताला लागेल तो ब्लाउज उचलायची आणि तो तिला बसायचा. मला शाळेपासून पाठ वाकवून आणि ओढणी ओढून चालायची सवय. शिंप्याने मापाचा टेप काढला की माझं तोंड पडायचं.

पुढे बाळंतपणंही आमची मागेपुढेच झाली. आधी तिचा मुलगा, मग काही आठवड्यांनी माझी मुलगी. सासूबाईंनी दोघींना मुशी माशाचं कालवण सुरू केलं. मुशीने दूध उतरतं, हे आमच्या किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. जावेला असं उतरलं की तिचा पदर सतत ओला. आणि माझी मुलगी छातीला लागायची, थोडं ओढायची आणि रडून लाल व्हायची.

बाळ बघायला येणाऱ्या बायका आधी माझ्या छातीकडे बघत, मग रडणाऱ्या मुलीकडे. "एवढं असून दूध नाय?" एकीने तर तोंडावर विचारलं. सासूबाई हसत म्हणाल्या, "बडा घर, पोकळ वासा!" त्या थट्टेने म्हणाल्या असतील, मला मिरच्या झोंबल्या. जाऊसुद्धा हसली. तिला हसायला काय जातंय?

आता त्या ब्राचं सांगते. आमच्याकडे बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने आवळून बांधतात. सासूबाईंचा हिशोब सरळ होता. पोट बांधायचं तशी छातीही बांधायची, नाहीतर जन्माची ओघळते. नवरा बोईसरला कंपनीत जातो, त्याला मी तिथूनच पाजायची ब्रा आणायला सांगितली आणि नंबर दिला गरोदरपणाच्या आधीचा. हुक लागेना तेव्हा सासूबाईंनी मागून ओढून लावले आणि म्हणाल्या, "आता कशी चापून बसली!" मलाही ते पटलं. घट्ट म्हणजे आधार, असंच मी जन्मभर समजत आले होते. वरून छाती कपाबाहेर आली होती, काखेखाली लाल वळ उठले होते, तरी ती मी रात्रंदिवस अंगावर ठेवली.

मग डाव्या बाजूला काखेजवळ गाठ धरली. लिंबाएवढी, हात लावू देईना. हुडहुडी भरून ताप आला. दुपारी ग्लानीतून डोळे उघडले तर समोर जाऊ बसलेली आणि माझी मुलगी तिच्या छातीला. गटगट गिळल्याचा आवाज मला खाटेवर ऐकू येत होता. मुलीचा चिमुकला हात जावेच्या गळ्यावर होता. माझ्या गळ्यावर तो असा कधी आला नव्हता.

"झोपा ताई तुमी," ती म्हणाली. "मी हाय ना."

तिचे उपकार मानायला हवे होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगी पोट भरून झोपली तरी मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. ही आता तिचीच सवय लावून घेणार आणि मी नुसती नावाची आई राहणार, एवढंच डोक्यात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी पालघरला डॉक्टरीणबाईंकडे निघालो. वाटेत मुलीला भूक लागली तर म्हणून जाऊ बरोबर. तिच्या मुलाला घरी सासूबाईंकडे ठेवलं आणि निघताना त्याच्यासाठी वाटीभर दूध काढून झाकून ठेवलं. वाटीभर! एसटीत मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी कुडता वर करताच विचारलं, "ही कोणी घातली?" दूध भरपूर होतं. घट्ट कपड्याने त्याची वाट दाबून टाकली होती. म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, मी उगाच मुशी खात बसले होते. त्यांनी शेक देऊन, हलक्या हाताने चोळून गाठ सैल केली, गोळ्या दिल्या, त्याच बाजूने आधी पाजायला सांगितलं आणि ब्रा कशी घ्यायची तेही बजावलं. आत तार नको. सगळी छाती कपात मावली पाहिजे. आधार खांद्याच्या पट्ट्यांचा नव्हे, बरगड्यांवरच्या पट्ट्याचा, आणि त्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

बाजारातल्या दुकानात कपडे घालून बघायला पडद्याची खोली होती. विकणारी बाई नुसता नंबर वाढवून देत राहिली. त्याने पाठ सैल व्हायची, पट्टा वर सरकायचा आणि कप तेवढाच आखूड. "कप मोठा द्या हो, पाठ नको!" मी पडद्याआडून ओरडले. बाहेर जावेला तिने आपणहून एक दाखवली, पडद्याच्या फटीतून बघितलं तर ती तिला कुडत्यावरूनच बसेलशी दिसत होती. माझं डोकं आणखी फिरलं.

शेवटी खोक्याच्या तळातून एक निघाली, कॉफीच्या रंगाची, दिसायला अगदी आजीबाई. रुंद पट्टे, सुती कापड, एका हाताने उघडणारा कप. सर्वांत सैल हुकावर नीट बसली, म्हणजे वापरून कापड सैल पडलं तरी आवळायला आतले हुक होते. वाकून बघितलं, हात वर केले, काही बाहेर आलं नाही, काही रुतलं नाही. दूध भरून येईल तेव्हासाठी थोडी जागाही होती. कित्येक दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात बाहेर मुलगी रडली. आणि मला पान्हा फुटला, गाठीच्या बाजूनेसुद्धा. पडदा सारून बघते तर जाऊ बाकावर बसून कुडत्याची बटणं काढत होती. नव्या ब्राची चिठ्ठी काखेत लोंबत असताना मी ओढणी गुंडाळून बाहेर आले आणि मुलीला तिच्या हातातून घेतलं. जरा ओढूनच घेतलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून मी डावी बाजू दिली. मुलीने तोंड लावलं, सोडलं, कुरकुरली. माझा जीव टांगणीला लागला. मग तिने पुन्हा धरलं आणि गिळायला लागली. गटगट. विकणारी बाईसुद्धा वळून बघायला लागली.

जाऊ बटणं लावायची विसरून आमच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. वर्षानुवर्षं माझ्याच तोंडावर वागवलं होतं मी ते.

"आता माज्याकडं यायची नाय ती," ती हळूच म्हणाली.

येईल की, काकीच ना तू, असं म्हणता आलं असतं.

"नाय," मी म्हणाले.