अंतरपाटाखालचे अंगठे

अंतरपाटाखाली नवरीच्या पायाचे अंगठे दिसत होते. पाखरू फांदीला धरतं तसा तिनं पायाखालचा पाट घट्ट धरलेला. अंतरपाटाच्या दोन्ही बाजू दिसतात त्या लग्न लावणाऱ्याला, आणि आज लग्न लावणारी मी. गावातली लग्नं माझे सासरे लावतात, त्यांचा आवाज बसला म्हणून मला उभं केलं, सातवी शिकलेलीला. तिकडं जावेच्या मांडीवर माझं बाळ रडतंय, इकडं मी मंगलाष्टकं म्हणतेय.

मी तिच्या कानाशी विचारलं, "काय गं, नको आहे का?"

"तसं नाही ताई. अजून एक मंगलाष्टक म्हणा ना."

तसं नाही म्हणजे कसं? माझ्या लग्नात मीपण भ्यायले होते, पण नवऱ्याला की नुसत्या गर्दीला, ते आजही सांगता येत नाही. स्वतःचं मन कळत नाही तर दुसरीचं कसं ओळखू? आणि अंतरपाट काढा म्हणायचं मीच!

"अहो बाई, जेवणं गार झाली!" नवरदेवाचा मामा ओरडला.

मी अजून एक म्हटलं. मला येत होती ती सगळी संपली. नवरी माझ्याकडंच बघत होती, मग मी बाळाची अंगाईच मंगलाष्टकाच्या चालीत ओढली. लोकांनी अंगाईवरपण अक्षता टाकल्या. बाळ गप्प झालं. तिचे अंगठे हळूच सुटले.

"आता?"

"आता," ती म्हणाली.

अंतरपाट निघाला, वाजंत्री वाजली, आणि बघते तर माझे अंगठे अजून जमिनीत रुतलेले.