डोक्यात उरलेली गाणी

शालू कांबळे बेळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजात परगावचे कॉल जोडणारी ट्रंक ऑपरेटर होती. जन्मानं निपाणीची. आई तानीबाई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसायची, आणि बाप शालू चौथीत असतानाच छातीच्या दुखण्यानं गेला. वखारीतला खकाणा, ती तंबाखूची बारीक धूळ, पोरीच्या नाकात जाऊ नये, एवढ्या एका हट्टापायी तानीबाईनं तिला बेळगावला मिशनच्या वसतिगृहात ठेवलं. पोरगी मॅट्रिक झाली, राखीव जागेवर एक्स्चेंजात लागली आणि खासबागेत खोली करून राहिली. तिला मराठी, कानडी, हिंदी, इंग्रजी अशा चारी भाषा यायच्या. चारी भाषांतले आकडे ती कानानं टिपायची आणि बोटांनी जोडायची.

दुसरा नाद त्या वसतिगृहातच लागला. तिथल्या बाईंचा रेडिओ रविवारी दुपारी पोरींसाठी खुला असायचा. एकदा काटा फिरवताना शालूला परदेशातलं एक गाणं सापडलं. गिटार अशी काही खरखरत होती, की कुणी पत्र्यावर काठी ओढतंय असं वाटावं. गाणारा धड सुरात नव्हता, पण मागं ढोल वाजत होता तो थेट वखारीतल्या कुटणीसारखा. शालूचा हात काट्यावरच राहिला. या प्रकाराला गॅरेज रॉक म्हणतात, हे तिला पुष्कळ पुढं कळलं. मोटार ठेवायच्या खोलीत चार पोरं जमवायची, उसनी वाद्यं आणायची, आणि कुणाला धड येत नसलं तरी वाजवायचं. पॉवर पॉप हे त्याचंच धाकटं भावंड. दणका तोच, पण वर चाल गोड, आणि तीन मिनिटांत गाणं संपलेलं.

बेळगावाहून अडीच तासांवर आकाशवाणीचं केंद्र होतं. तिथून दर शनिवारी संध्याकाळी अर्धा तास इंग्रजी गाणी लागत. सत्त्याहत्तर साली शालूनं केंद्राला पत्र टाकलं, ‘तुमची गाणी चांगली आहेत, पण ऐकता ऐकता झोप येते.’ उत्तर आलं ते निर्मात्या अंबुबाईंच्या हातचं. बाईंचं माहेर चिकोडीचं, कानडीइतकंच मराठीही त्यांच्या तोंडात. त्यांनी एकच ओळ लिहिली होती. ‘मग तूच येऊन निवड.’

तेव्हापासून बुधवार, तिच्या सुट्टीचा दिवस, केंद्राचा झाला. सकाळच्या एसटीनं जायचं. केंद्राच्या कपाटातल्या रेकॉर्डी, शिवाय बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या दुकानातून आणलेल्या, गोव्याच्या खलाशांनी विकलेल्या. ऐकण्याच्या खोलीत बसून तीस गाणी ऐकायची आणि आठ ठेवायची. पहिलं गाणं ऐकणाऱ्याला हाताला धरून बसवणारं हवं. ढोलाची एकच चाल लागोपाठ दोनदा नको. शेवटचं असं, की बातम्या सुरू झाल्या तरी ते डोक्यात वाजत राहावं. प्रत्येक गाण्याची वहीत नोंद असे. किती मिनिटं, किती सेकंद, सुरुवात कशी, गिटार कुठं फुटते, शेवट तुटतो की विरतो. निवेदन अंबुबाई वाचायच्या, पण शब्द शालूचे असायचे. नंदगड, खानापूर, निपाणीहून पोस्टकार्डं यायला लागली. त्या आठ गाण्यांसाठी शालू आठवडा जगायची म्हटलं तरी चालेल.

एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर खोकला लागला. महिना झाला तरी हटेना, संध्याकाळी अंग तापायचं. छातीचा एक्स-रे फोटो काढला तर उजव्या बाजूला क्षयाचा डाग निघाला. ज्या खकाण्यापासून आईनं तिला लांब ठेवलं होतं, त्यानंच गाठलं की बापाकडून आलं, कोण सांगणार? दवाखान्यात औषध लिहून दिलं. गोळ्या दीड वर्ष आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया नव्वद, रोज एक. शालूनं टायफॉइड सांगून तीन आठवडे रजा काढली आणि मग कामावर हजर झाली. कामाला जाण्याआधी रोज सकाळी परिचारिका राजाबाईंकडून सुई घ्यायची, कार्डावर शिक्का मारून घ्यायचा.

पंचविसाव्या सुईच्या सुमारास कानात बारीक शिट्टी वाजायला लागली. अशक्तपणा असेल म्हणून तिनं सोडून दिलं. उठताना जमीन हलायची, तेही सोडून दिलं.

मग एका बुधवारी तिनं एक जुनी, पाठ असलेली रेकॉर्ड लावली. त्या गाण्याच्या आधी ढोलवाला दोन काड्या एकमेकींवर चारदा आपटतो, आणि मग सगळे तुटून पडतात. सुई टेकली, आणि गिटार एकदम सुरू झाली. काड्या वाजल्याच नाहीत. शालूनं सुई उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. पाच वेळा ठेवली. मग आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, तेव्हा बाहेरून तंत्रज्ञ दार उघडून आत आला. म्हणाला, “बाई, भिंत पडंल की.”

ती म्हणाली, “रेकॉर्ड तपासतेय.”

त्या दिवशी परत येताना एसटीत ती मनगटावरचं घड्याळ आधी डाव्या कानाला लावी, मग उजव्या. डावीकडं काहीच नव्हतं. उजवीकडं टिकटिक होती, पण कुणी उशीखाली घड्याळ ठेवल्यासारखी.

एक्स्चेंजात ‘सात’ आणि ‘आठ’ एकच ऐकू यायला लागले. ‘स’ तेवढा कुणीतरी खाऊन टाकायचं. चिकोडीचा कॉल तिनं दोनदा भलत्याच घरी जोडला. सुपरवायझरनं विचारलं तेव्हा लाइन खराब असल्याचं सांगितलं. डाव्या कानावरचं हेडसेट तिनं गुपचूप उजवीकडं घेतलं.

सुई टोचताना राजाबाई सहज म्हणाल्या, “कानात काय वाजतं का? काहींच्या कानावर जाती ही सुई. तसं असलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं.”

शालू म्हणाली, “न्हाय, काय वाजत न्हाय.”

का खोटं बोलली? डॉक्टर कागदावर लिहितील, कागद एक्स्चेंजात जाईल, बहिरी ऑपरेटर कोण ठेवील? आणि केंद्राला कळलं तर बुधवार संपला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच तिनं ठरवलं, उद्यापासून सुई बंद, दवाखानाच बंद; मग गोळ्याही मिळणार नव्हत्या. एक्केचाळीस झाल्या होत्या. औषध थांबलं की कान आपोआप उघडेल, असा तिनं स्वतःचाच हिशोब बांधला. विचारलं कुणालाच नाही.

तीन आठवड्यांनी तानीबाई निपाणीहून आली. लेकीचं कार्ड फळीवर होतं. तानीबाईला वाचता येत नव्हतं, पण शिक्के संपून कोरे रकाने कुठं सुरू होतात ते तिला दिसलं.

“ह्या हितनं म्होरं काय न्हाय गं?”

शालू कार्ड घ्यायला पुढं झाली, पण आईनं ते सोडलं नाही.

“सुई घेत न्हाईस व्हय?”

“कान चाललाय, आये. सुईनं.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे काय? नोकरी जाईल. गाणी जात्यात माझी.”

तानीबाईनं कार्ड जपून परत फळीवर ठेवलं. “तुझ्या बाचं कान शेवटपातुर चांगलं हुतं,” ती म्हणाली. “मी भायेर रडाय लागलो तरी त्येला आत ऐकू यायचं. म्हणायचा, रडू नगंस. काय उपेग झाला त्या कानांचा?”

शालूनं सोमवारी जाते म्हणून शब्द दिला. सोमवारी ती गेली नाही, पुढच्या सोमवारीही नाही. रोज सकाळी डोळे उघडले की घड्याळ आधी कानाला. सुई थांबली तरी उजवी टिकटिकही एक दिवस आली नाही. खोकला परत आला होता. ती तोंडावर पदर दाबून खोकायची, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून. ऐकू जातं की नाही, हे तिला कळायलाही मार्ग नव्हता.

त्याच महिन्यात केंद्रावर नव्या रेकॉर्डींचा गठ्ठा आला. बारा रेकॉर्डी, सगळ्या पॉवर पॉपच्या, कुणीच न ऐकलेल्या. दोन वर्षं शालू ज्याची वाट पाहत होती ते आलं, आणि ती खोलीत स्पीकरच्या पेटीवर तळहात टेकून बसली. ढोल हाताला लागत होता. बाकीचं ती पाकिटावरच्या ओळी वाचून ताडत होती. त्यातून तिनं आठ निवडली.

शनिवारी तिसऱ्या गाण्यावर सबंध वेळ कर्कश शिट्टी वाजत राहिली. रेकॉर्डच सदोष होती. तंत्रज्ञानं मध्येच आवाज खाली आणला. पुढच्या आठवड्यात तीन पोस्टकार्डं आली. त्यातलं नंदगडचं असं: ‘निवड करणाऱ्यांनी कानात बोळे घातलेत काय?’

अंबुबाईंनी ते कार्ड तिला दाखवलं नाही, टेबलावर उलटं ठेवलं. पण शालूनं ते आधीच वाचलं होतं. बाई म्हणाल्या, “चल, जरा बसून ऐकू.”

त्यांनी तिची जुनी, आवडती रेकॉर्ड लावली. शालूनं डोळे मिटले आणि बोटानं टेबलावर ठेका धरला. तो बरोबर होता. पहिलं कडवं, दुसरं कडवं, गिटार फुटण्याची जागा, सगळं तिला पाठ होतं. बोट एकदाही चुकलं नाही. शेवटचा ठोका देऊन तिनं डोळे उघडले. रेकॉर्ड थांबलेली होती. सुई उचलून बाजूला ठेवलेली, आणि अंबुबाई तिच्याकडं बघत होत्या. त्यांनी दुसऱ्याच कडव्याला सुई उचलली होती.

 मग बाईंचे ओठ हलले. शालूला ते वाचता आले: कधीपासून?

“मला ऐकू येत नाही,” शालू म्हणाली. तिनं हे वाक्य तोंडातून पहिल्यांदाच काढलं. स्वतःचा आवाज किती मोठा झालाय हे कळेना, म्हणून ती अर्ध्यात थांबली, आणि मग तिला असा खोकला आला की रुमालावर रक्त पडलं.

दुसऱ्या दिवशी अंबुबाई कामाचा खाडा करून तिला घेऊन बेळगावला दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी नवा फोटो उजेडाकडं धरला. डाग दुप्पट झाला होता. त्यांनी अंबुबाईंना सांगितलं आणि बाईंनी कागदावर लिहून शालूला दिलं: ‘शिट्टी सुरू झाली त्याच दिवशी सांगितलं असतं तर औषध बदललं असतं. छातीही राहिली असती, कानही.’ शालूनं तो कागद दोनदा वाचला. नोकरी राखायला आणि गाणी राखायला म्हणून ती गप्प बसली होती, आणि दोन्ही ज्यावर उभी होती तो कानच त्या गप्प बसण्यानं घालवला होता. तिनं कागद घडी करून परत दिला. जवळ ठेवायचा धीर झाला नाही.

सुया आता कायमच्या बंद झाल्या. त्याऐवजी कडू भुकटीच्या पुड्या आणि जास्त गोळ्या, पुन्हा पहिल्यापासून दीड वर्ष. तानीबाई वखार सोडून खासबागेत येऊन राहिली आणि पुड्या समोर उभं राहून प्यायला लावू लागली. गेलेला कान आला नाही. उजव्या कानाला मेघगर्जना, अगदी कानाशी वाजणारा ढोल एवढंच यायचं. माणसांचं बोलणं म्हणजे भिंतीपलीकडची कुजबुज. एक्स्चेंजानं तिला काढलं नाही, पण बोर्डावरून उठवून ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्या लावायच्या टेबलावर बसवलं.

कार्यक्रम अंबुबाईंनी काढून घेतला नाही. त्यांनी लिहून पाठवलं, ‘तुझ्या वहीतून निवड.’ शालूनं वही मोजली. अजून न लावलेली पण नीट आठवणारी गाणी एकशे बारा होती. आठवड्याला आठ म्हणजे चौदा शनिवार. तिनं ती चौदा आठवडे पुरवली. संध्याकाळी पायरीवर डोळे मिटून ती एकेक गाणं डोक्यात वाजवायची आणि कशाला काय जोडावं ते ठरवायची. सहाव्या आठवड्यात दोन गाणी एकमेकांत मिसळायला लागली. एकाची गिटार दुसऱ्याच्या तोंडी यायची. घाबरून ती तीच तीच परत आठवत बसे, आणि जितकं आठवे तितकं ते झिजे. एका संध्याकाळी एक चाल पूर्ण पुसली गेली. तानीबाईनं तिला उंबऱ्यावर डोकं धरून रडताना पाहिलं. काय हरवलं ते तिला कळलं नाही. ती लेकीजवळ बसून राहिली.

चौदावी यादी पाठवताना शालूनं खाली लिहिलं, ‘आता माझ्याकडं काही नाही.’ पुढच्या शनिवारपासून केंद्रानं दुसरी गाणी लावली.

एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात शेवटचा फोटो निघाला. डॉक्टर काहीतरी बोलले, तिला कळलं नाही. मग त्यांनी फोटोच्या पाकिटावरच लिहिलं: ‘छाती साफ. बऱ्या झालात.’ शालूनं मान हलवली आणि पाकीट घेऊन बाहेर पडली. खासबागेच्या रस्त्यावर मागून येणारी बस तिला कळली नाही. भाजीची बुट्टी घेतलेल्या एका बाईनं दंडाला धरून तिला कडेला ओढलं आणि रागानं काहीतरी विचारलं. काय विचारलं असेल, ते शालूला तिच्या तोंडावरून समजलं.

“ऐकू न्हाय येत,” शालू म्हणाली, आणि बाईनं दंड सोडेपर्यंत तिथंच उभी राहिली.