काही झालं तर

लग्न करून पहिल्यांदा दिल्लीकडे निघाले तेव्हा कऱ्हाडच्या घरात माझी ओटी भरून झाली होती, बाहेर रिक्षा उभी होती आणि हे सारखे घड्याळाकडे बघत होते. माईने, म्हणजे माझ्या आईने, पत्र्याच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी दाबून दाबून भरली होती. दिल्लीत शेंगदाणे मिळत नाहीत अशी तिची पक्की समजूत! निघता निघता मी थबकले आणि बरेच दिवस पोटात ठेवलेलं विचारून टाकलं, "माई, तुला काही झालं तर मला कोण कळवणार?"

"शुभ बोल गं," ती तडकन म्हणाली. "भरल्या घरात असलं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

झालं. विषय संपला. मी रिक्षात बसले.

तुमच्यापैकी जे तिकडेच राहिले त्यांना हे सांगायला नको, पण इकडे दिल्लीकडे वाढलेल्या आपल्या पोरांसाठी सांगते. घर ऐकत असतं असं आपण मानतो. वाईट बोललं की ते 'तथास्तु' म्हणतं आणि तसंच घडतं. म्हणून आमच्या घरी आजारपण, मरण, अपघात यांच्यापुढे 'तर' लावायची सोयच नव्हती. लग्नाला पाऊस आला तर मांडवावर काय घालायचं, हेसुद्धा माझे काका अंगणात जाऊन विचारायचे.

दिल्लीजवळच्या फरीदाबादला यांच्या ऑफिसातल्या बऱ्याच लोकांनी घरं घेतली, तशी आम्हीही घेतली. पहिल्या थंडीत मी दोन स्वेटर घालून स्वयंपाक करायचे आणि शेजारची पंजाबीण हसायची. हिंदी भाजीवाल्याने शिकवली. इंग्रजी माझी मीच, यांच्या पेपरातून आणि मग माझ्या मुलीच्या, मीनलच्या, शाळेच्या पुस्तकांतून. वाचता यायला लागलं, पण बोलायची वेळ आली की हिंदीवर यायचे.

कऱ्हाडहून फोन यायचा तो 'सगळं बिल्कुल छान' असाच. माझा धाकटा भाऊ सुधीर बोलायचा, मग माई. एकदा माईचा आवाज बसलेला वाटला. म्हणाली, "सर्दी आहे गं. उन्हाळ्यात येशीलच की." ती सर्दी नव्हती. ती तेव्हा महिनाभर अंथरुणाला खिळलेली होती. मी पोचले तेव्हा माई गेलेली होती, घरात सतरंज्या अंथरल्या होत्या आणि लोक माझ्याकडे बघायचं टाळत होते.

मी सुधीरवर खूप चिडले. तो बिचारा रडत म्हणाला, "ताई, कसं कळवू? आणि माईला तरी कसं विचारू? 'तुला काही झालं तर, ताईला आधी बोलावून घेऊ का', असं तिच्या उशाशी बसून विचारायचं? तूच सांग, विचारलं असतंस तू?"

नसतं विचारलं. म्हणून तर राग कुणावर काढावा ते कळेना. माईला मी हवी होते की नाही, तिने वाट बघितली की नाही, हे आता मला कधीच कळायचं नाही. त्यानंतर पुष्कळ वर्षं भांडी घासताना, बसच्या रांगेत, मनात एकच चालायचं: कळलं असतं तर आले असते.

पुढे हेही गेले. घर अंगावर यायला लागलं म्हणून मी सोसायटीच्या हॉलमध्ये इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागले. सगळ्या माझ्याच वयाच्या, गुडघे धरून बसणाऱ्या. शिकवतात त्या निवृत्त मास्तरीणबाई. त्यांना आम्ही नुसतं मॅडम म्हणतो. गेल्या महिन्यात त्यांनी 'इफ'ची वाक्यं घेतली. म्हणाल्या, एक 'इफ' होऊ शकणाऱ्या गोष्टीचा. पाऊस आला तर मी कपडे आत आणीन. दुसरा नुसत्या कल्पनेचा. मी पक्षी असते तर उडाले असते. तिसरा, वेळ हातून गेल्यावरचा. मग फळ्यावर लिहिलं, 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.'

मी ते वाचलं आणि वाचतच राहिले. माझं वाक्य, तिकडे फळ्यावर, खडूने.

"चलो, अब पहला वाला," मॅडम म्हणाल्या. "इफ आय फॉल इल. सब बोलेंगे."

बायकांना काय, मजा! एक म्हणाली, "इफ आय फॉल इल, माय बहू विल मेक खिचडी." दुसरी लगेच, "इफ आय फॉल इल, माय बहू विल कॉल हर मम्मी!" हॉल हसून हसून लोटपोट. मग माझी पाळी आली.

"इफ इट रेन्स..." मी सुरू केलं.

"अरे बहनजी, बारिश नहीं, अपनी बात बोलिए ना!" मॅडम म्हणाल्या.

नाही बोलले. तब्येतीचं निमित्त सांगून घरी आले. त्याला कारण होतं. त्याच आठवड्यात मीनल आली होती. ती आणि जावई नोकरीसाठी कॅनडाला निघाले होते, तिकिटं झाली होती. माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून ती म्हणाली, "आई, हे बोलायलाच हवं यार. तू पडलीस, ऍडमिट झालीस, तर मला कोण सांगणार?"

आणि मी काय म्हणाले असेन? "शुभ बोल गं!"

तिने पर्स उचलली. "तुझ्याशी काही बोलायचीच सोय नाही," म्हणाली आणि चहा न घेता गेली.

म्हणजे मी तिला तिथेच नेऊन बसवत होते, त्या तिसऱ्या वाक्यात. क्लासमधून घरी येऊन हे लक्षात आलं. तिला फोन केला, "मीनू, ये. बोलू."

ती आली. मी सांगितलं. हळू आवाजात, पण सांगितलं. मला काही झालं तर शेजारची पंजाबीण तुला फोन करील. दुखणं मोठं असलं तर मोठंच सांगेन, सर्दी म्हणणार नाही. तू यावंस असं वाटलं तर 'ये' म्हणेन. आणि तरी तुला पोचता आलं नाही, तर माझी तक्रार नाही. हे आजच ऐकून ठेव, पुन्हा पुन्हा मनात घोळवत बसू नकोस.

मीनल टेबलावर डोकं ठेवून रडली. मीही. माझ्या माईने मला एवढंच सांगायला हवं होतं, आणि हे बोलू न देणारी ती एकटी नव्हती, आम्ही सगळेच होतो.

मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "आणि तिकडे मला काही झालं तर?"

 'शुभ बोल' हे शब्द ओठांवर आलेच होते. गिळले.

"बोल," म्हटलं. "काय करायचं मी?"

तिने सांगितलं. सगळं ऐकलं मी. ती गेली परवाच कॅनडाला. कऱ्हाडच्या घरात असलं वाक्य कधी पुरं झालं नाही आणि मी त्यालाच माहेर म्हणत आले. या फरीदाबादच्या दोन खोल्यांत ते पूर्ण बोललं गेलंय, म्हणून माझं घर हे. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा मात्र अजून भीती वाटते, भिंतींनी काय ऐकलं असेल याची. हात जोडते आणि तिच्या फोनची वाट बघत बसते.