एकाच आवाजात वाढलेल्या दोघी

अप्पांचा आवाज फार मोठा होता. कारखान्यातल्या यंत्रांच्या घरघरीवर बोलायची सवय. घरीही ते तसंच बोलत. सांगलीकडून नोकरीसाठी बोईसरला आलेला माणूस. दोन खोल्यांत ते, आई आणि आम्ही दोघी मुली. "दोघींना कायदा एकच," असं ते अभिमानाने सांगत.

मी थोरली, मुळातच भित्री. अप्पा ओरडले की मी मुकाट्याने पुस्तक उघडून बसायचे. त्यामुळे आपली पद्धत बरोबर आहे याची त्यांना खात्रीच पटली होती. धाकटी शुभा मात्र लहानपणापासून तापट. नववीत तिने शाळा बुडवायला सुरुवात केली, एका मुलीचं नाक फोडलं, प्रगतिपुस्तकावर अप्पांची सही स्वतःच ठोकली. दर वेळी अप्पांचा आवाज चढे आणि शुभाचा पुढचा उद्योग आणखी मोठा असे.

एका रविवारी अप्पांनी तिच्यावर हात उचलला. ती तशीच घराबाहेर पडली. संध्याकाळी जवळच्या घिवली गावाहून फोन आला. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईंनी तिला घरी नेऊन जेवू घातलं होतं. आम्ही पोचलो. अप्पांनी तोंड उघडताच त्या म्हणाल्या, "भाऊ, आरडू नका. पोर तुमच्यासारकीच हाय. तुमच्यावर कोनी आरडला तर तुमी ऐकाल काय?"

परतताना रिक्षात अप्पांनी शुभाला एवढंच विचारलं, "काय जेवलीस?"

पुढे राग आला की ते चपला घालून बाहेर पडत आणि चक्कर मारून आल्यावर बोलत. नेहमी जमत नसे. शुभा दारातच उभी असे. "आलात? आता बोला." मग दोघं तासभर वाद घालत. शाळेच्या तक्रारी हळूहळू थांबल्या.

मी मात्र गप्पच राहिले. माझी तक्रार कधी आलीच नव्हती.

शेवटच्या आजारात मी अप्पांजवळ दवाखान्यात होते. त्यांनी विचारलं, "तुला माझी भीती वाटायची का गं?"

"नाही, अप्पा."

"शुभा खरं बोलली असती," ते म्हणाले.

मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागले. नर्स सलाइन बदलायला आली, तरी थांबले नाही. अप्पा मध्ये एकदाही बोलले नाहीत.