बिनइंजिनाचं विमान

गोंदियाकडच्या कामठ्याजवळच्या आमच्या ग्लायडर क्लबात किस्से मागावे लागत नाहीत, चहा ठेवला की आपोआप निघतात. हल्ली मात्र सगळे एकाच दिवसाचे निघतात. हसतो आम्ही, पण चहा तसाच गार होतो.

*

त्या सकाळी बिसेन सर शिकाऊ अमोलला घेऊन लांब गेले आणि वर उचलणारी हवाच नाहीशी झाली. खाली नुसतं आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडकडचं दाट जंगल! सरांनी ग्लायडर सागाच्या शेंड्यांवर टेकवलं. पंख तुटले, सांगाडा फांद्यांत अडकला.

मोहफुलं वेचणारे भोजराजभाऊ आधी पोचले. वर बघून म्हणाले, "इंजन काऊन दिसत नाही जी?"

"ग्लायडरला इंजिन नसतंच!" अमोल वरून ओरडला.

"मंग बसले कायले जी यात?"

*

अमोलचा पाय मोडला होता. सरांच्या छातीला मार, श्वास लागलेला. अमोल पट्टा सोडायला लागला तर सर तशातही खेकसले, "कोनाले विचारून सोडून राहिला? लँडिंग झालं म्हणलं का मी?"

हा किस्सा सांगताना अमोल मध्येच उठून बाहेर जातो.

*

गावकऱ्यांनी दोघांना दोरानं उतरवलं. जंगलात रेंज नाही, म्हणून भोजराजभाऊंनी टेकडी चढून क्लबला फोन लावला. उचलला पुण्याहून नव्यानं आलेल्या मॅनेजर साहेबांनी.

"पोट्टा बरा हाये. सर मरून राहिले जी!"

साहेबांनी लगेच सरांच्या घरी कळवलं आणि शववाहिका सांगितली.

मी मैदानावरून धावत आलो. "नेमकं काय म्हणाला तो?" साहेबांनी रडत शब्द न् शब्द सांगितला.

"अहो, मरून राहिले म्हणजे अजून मेले नाहीत! मरायला लागलेत! अँब्युलन्स पाठवा!"

साहेब म्हणाले, "मग तसं मराठीत सांगायचं ना!"

त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अजून वाटते.

*

गोंदियाच्या दवाखान्यात सर बेशुद्धच होते. पलंगाशी त्यांच्या घरच्या, आमच्या काकू. पहिला फोन आला तेव्हा शेजारणींनी त्यांच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. दुसरा फोन पोचायला उशीर झाला. नव्या बांगड्या आणतो म्हटलं, तर म्हणाल्या, "आधी ते उठू द्या."

सर उठले. आम्हाला ओळखलं. मग काकूंच्या हातांकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं.

"मंग मी गेलो का वं?"