गमछ्याचं टोक

कल्हईवाल्या चाचांबरोबर कुठलीही जागा पाहायला गेलं, की शेवटची वीस पावलं डोळे मिटून चालावी लागत. खांद्यावरच्या गमछ्याचं एक टोक ते माझ्या हातात देत, दुसरं स्वतः धरत. "मधातच उघडशील तं इथूनच वापस नेईन," ही वर धमकी. मी झाडीपट्टीच्या नाटकांतला विनोदी नट. उभा जन्म पडद्याच्या मागेपुढे गेला, पण पडदा उघडावा तो चाचांनीच! "आता पाह्य बे, हिरो!" असं ते म्हणाले, की समोर रानात बुजलेली पायऱ्यांची विहीर तरी असे, नाहीतर फक्त पावसाळ्यात जागा होणारा एखादा धबधबा.

चाचा वडशाचे. सायकलच्या कॅरिअरवर भाता, कोळसा आणि कथील बांधून गावोगाव भांड्यांना कल्हई करत हिंडायचे. पुढे घरोघरी स्टील आलं, कल्हई संपली, चाचांचं हिंडणं मात्र संपलं नाही. मी चिडवायचो, "आता काऊन जाता चाचा? भांडे तं कोणी देत नाई."

"भांडे नाई देत, पाणी तं देते ना बे!"

ते पाणी पिता पिता चाचा गावातल्या म्हाताऱ्यांना रानातल्या जुन्या गोष्टी विचारत. असं करत करत त्यांच्याकडे अकरा जागा जमल्या होत्या. कागदावर एकही नाही. एका खेपेला एकाच माणसाला न्यायचं, हा नियम. "दोघं झाले का बोलत राह्यतेत. पाह्यत कोणीच नाई." आणि दुसरी अट, कुणाला सांगायचं नाही. मी दर वेळी छातीवर हात ठेवून शपथ घ्यायचो. अगदी रंगमंचावर घेतो तशी.

सहावी जागा म्हणजे वैनगंगेच्या पात्रातलं एक बेट. डोंग्यातून उतरलो, कवठाच्या झाडापासून डावीकडे वळलो आणि गमछा हातात आला. डोळे उघडले तर समोर पुरुषभर उंचीचा कोरीव दगड. धनुष्य ताणलेला योद्धा आणि त्याच्या पायाशी सशाएवढे दोन हत्ती, सोंडा वर केलेले. चाचांनी दगडावरून हात फिरवला. म्हणाले, "याले कल्हई लागत नाई. सालोसाल असाच चमकून राह्यला."

त्या हिवाळ्यात एका प्रयोगात माझ्यासमोरचा नट वाक्य विसरला. वेळ मारून न्यायला मी चाचांची नक्कल सुरू केली. गमछा, वीस पावलं, सगळं. मंडप हसून लोटपोट झाला. मला चढलं. डोंगा कुठून घ्यायचा, कवठापाशी कुठं वळायचं, तेही सांगून टाकलं. टाळ्या अशा पडल्या, की पुढच्या प्रत्येक गावात मी तो प्रसंग केला.

संक्रांतीपासून बेटावर पार्ट्या सुरू झाल्या. चाचा मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त सातव्या जागेचा विषय निघेना. मग काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले.

एके दिवशी त्यांनीच बोलावलं. "हिरो, बेटावर ने एकदा."

या खेपेला गमछ्याचं पुढचं टोक माझ्या हातात होतं. रस्ता मात्र तेच सांगत होते. "कवठ आलं असंन. आता डाव्या हाताले." मी पाहिलं आणि माझे पाय थांबले. योद्ध्याच्या छातीवर ऑइलपेंटनं नावं लिहिलेली, भोवती पत्रावळ्या, बाटल्या, चुलींची राख.

"सांग बे, कसं हाये?"

मी घसा साफ केला आणि सगळा जीव ओतून वर्णन केलं. स्वच्छ वाळू, टिटवीची अंडी, दगडावर उतरलेलं ऊन. चाचांचा हात रंगाच्या पापुद्र्यांवरून खाली गेला, पायाशी आला आणि जिथं एक हत्ती फोडून नेला होता, तिथं थबकला.

"हत्ती दोन्ही हायेत ना?"

"दोन्ही आहेत चाचा. सोंडा वर करून."

"चांगलं हाये," ते म्हणाले आणि हात झटकला.

परतताना डोंग्यात मी विचारलं, "राह्यलेल्या पाच जागा? तुम्ही रस्ता सांगा, मी नेतो."

त्यांनी गमछ्याची हळूहळू घडी घातली. "आता आठवत नाई रे मले. म्हातारा झालो."

मग मोटारसायकलवर माझ्यामागे बसले. दोनेक मैल गेल्यावर मागून आवाज आला, "मोहाचं झाड गेलं का? हळू घे, पुढं मोठा खड्डा हाये."

खड्डा होता.

पुढच्या पावसाळ्यात चाचा गेले. गमछा चाचींनी मला दिला. चाचांच्या नकला लोक आजही मागतात, मी करतोही. बेट गाळतो. कधी रानातून जाताना अनोळखी पायवाट दिसली, की गाडी उभी करतो, डोळे मिटतो आणि गमछ्याचं टोक धरून वीस पावलं चालतो. मग उघडतो. समोर सागाची झाडं असतात, पाचोळा असतो. दुसरं टोक जमिनीवरून फरपटत आलेलं असतं.